धरणाची भिंत खाली जाड का?

इयरफोन लावलेत? मग चला, आज तानसाला जाऊ.

डी.एड.ला होतो तेव्हाची गोष्ट. तानसा तलावाजवळच्या एका शाळेत माझा सराव पाठ होता. विषय, पाण्याचा दाब. मी फळ्यावर व्याख्या लिहिली, पोरांनी उतरवून घेतली. प्रश्न विचारला, तर सगळा वर्ग गप्प. मला वाटलं, पोरं कच्ची आहेत.

दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या बाटलीला एकाखाली एक तीन भोकं पाडली आणि पाणी भरलं. सगळ्यात खालची धार सगळ्यात जोरात! तेवढ्यात मागून एक मुलगी म्हणाली, "सर, मंग आपल्या धरणाची भिंत खाली जाड हाय, ती यासाठीच ना?"

अगदी बरोबर! 1892 सालचं हे दगडी धरण ती रोज बघते. कच्ची ती नव्हती, माझी भाषा कच्ची होती.

मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, 1974 पासून. तिथे वि. गो. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी फार पूर्वीच हे तपासलं होतं. विज्ञान तेच ठेवा, फक्त भाषा सोपी करा, मुलांना जास्त समजतं. जळगावच्या खिरोदा भागात त्यांनी शिक्षकांसोबत कामही केलं.

तानसाचं पाणी मुंबईला पोचतं. मुंबईतलं हे संशोधन मात्र माझ्या डी.एड.च्या वर्गापर्यंत पोचलं नव्हतं.

म्हणून सांगतो, धाकट्या भावंडाला शिकवताना आधी बाटली घ्या. व्याख्या नंतर.

भेटू पुढच्या भागात!