ओळ कुठे थांबते

कवितेची ओळ कुठे तुटली हे रेडिओवर दिसत नाही, ऐकू मात्र यायला हवं. जुन्या पोथ्यांतही ओव्या सलगच लिहीत. चरण कुठे संपला ते कानाला कळे. 1290 च्या ज्ञानेश्वरीतली ओवी पाहा. तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि बिनयमकाचा. मोठ्या अभंगात तर हिशेबच मांडलेला आहे: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. सहाची सवय लागलेला कान चौथ्या चरणातही सहाच धरून बसतो, पण चारातच आटोपतं. दोन अक्षरांची जागा मोकळी राहते, आणि त्या चारांना वजन येतं. गाणारे ती जागा स्वर लांबवून भरतात. वाचणाऱ्यांनी ती भरू नये, असं माझं मत.

मंदाक्रांता या वृत्ताची चाल निराळी. आधी चार गुरू, म्हणजे लांब अक्षरं, रेंगाळतात, मग यती, म्हणजे विराम. पुढे पाच लघू धावत सुटतात आणि सहाव्या अक्षरावर, गुरूवर, पाय टेकतात. मेघदूत याच वृत्तात आहे.

1930 च्या दशकात कवी अनिलांनी मुक्तछंद हाताळला, तेव्हा या ठरलेल्या जागा गेल्या. आता कुठे थांबायचं ते कवीनेच ठरवायचं. इथे मराठीची एक सोय फार कामाला येते: आपला नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो. समजा, मी एका ओळीत लिहिलं, ‘यंदा पाऊस झाला’, आणि खालच्या ओळीत एकटंच ‘नाही’. ऐकणाऱ्याच्या पदरात क्षणभर पाऊस पडतो आणि लगेच काढून घेतला जातो. सलग लिहिलं, तर ती प्रादेशिक बातम्यांतली बातमी.

हल्ली मात्र शब्दागणिक ओळ तोडायची साथ आहे. ‘आणि’, ‘पण’ ओळीच्या टोकाला उगाच लोंबत असतात. अशी कविता एकदा गद्यासारखी सलग लिहून पाहावी. जिथे काहीच हरवलं नाही, तिथली ओळ खुशाल जोडून टाकावी.

मोठ्याने वाचणाऱ्यांना एवढंच सांगेन: ‘झाला’वर आवाज उतरवू नका. उतरला की वाक्य संपतं आणि ‘नाही’ उपरं होतं. आवाज वरच धरा, किंचित थांबा. फार थांबलात, तर श्रोता रेडिओचं बटण पिरगाळायला लागतो.