रताळं धुणारी इमो

जपानमधल्या कोशिमा बेटावर १९५२ साली संशोधकांनी माकडांना रताळी घालायला सुरुवात केली. वाळूनं माखलेली रताळी माकडं हातानं झटकून खात. १९५३ मध्ये इमो नावाच्या दीड वर्षाच्या मादीनं मात्र रताळं थेट ओढ्यात नेऊन धुतलं!

तिच्या सवंगड्यांनी आणि आईनंही ही सवय उचलली. पुढे माकडं समुद्राच्या पाण्यात रताळी बुडवू लागली. खारट चव आवडली असावी.

थोराड नर बहुतेक कोरेच राहिले. पिल्लांपासून ते दूरच असत, मग शिकणार कुणाकडून? नवी पिल्लं मात्र आईकडे पाहूनच शिकली.

काही वर्षांनी इमोनं वाळूत मिसळलेले गहू मुठीनं पाण्यात टाकले. वाळू बुडाली, दाणे तरंगले. तिनं ते वेचून खाल्ले.