दिव्याचा वारा आणि रोपांचा वारा

सूर्यप्रकाश पोहोंचत नाहीं अशा बंद खोलींत विजेच्या दिव्यांखालीं रोपें वाढविण्याची विद्या आतां हौशी बागवानांसहि अवगत झाली आहे. दिवा कोणता घ्यावा याचा विचार सारेच करितात. त्याची उष्णता कोणत्या वाटेनें बाहेर न्यावी हें मात्र पहिला उन्हाळा येईपर्यंत बहुधा कोणास सुचत नाहीं, आणि तोंवर रोपांनीं माना टाकलेल्या असतात.

६०० वॉटचा सोडियमचा दिवा घ्या. त्यांत शिरलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णताच होते. प्रकाशहि पानांवर व भिंतींवर पडून उष्णतेंतच मुरतो. (नवे एलईडी दिवे तेवढ्याच विजेंत अधिक प्रकाश देतात हें खरें, पण तेथेंहि ६०० वॉट ते ६०० वॉटच!) म्हणून दिव्याभोंवतीं कांच लावलेलें धातूचें झांकण घालून, त्याच्या दोन्ही तोंडांस नळ जोडून, आंतून वारा वाहता ठेवितात.

वारा किती हवा? एक घनमीटर हवा एक अंश तापविण्यास सुमारें १,२०० जूल लागतात. सर्व उष्णता या वाऱ्यानेंच न्यावी आणि तो १० अंशांहून अधिक तापूं नये असें धरिलें, तर मिनिटास ३ घनमीटर हवा वाहिली पाहिजे. प्रवाह निम्मा झाला कीं हवा २० अंश तापते. कांचेंतून कांहीं उष्णता प्रकाशाबरोबर खोलींत उतरतेच, म्हणून हा हिशेब थोडा सढळ आहे. पण सढळच असावा. पंख्याच्या खोक्यावर छापलेला आंकडा मोकळ्या पंख्याचा असतो. नळाचा व्यास निम्मा केला, तर तितकाच वारा नेतांना घर्षणाचा विरोध सुमारें ३२ पट होतो! लवचिक नळ ताणून सरळ बसवावा आणि वळणें कमी ठेवावीं.

हा वारा बाहेरून घ्यावा व बाहेरच सोडावा. खोलींतील हवेशीं त्याची भेट होऊं देऊं नये. मी पंखा शेवटच्या टोंकास, ओढणारा, बसवावा या मताचा आहें. तसें केलें म्हणजे सांध्यांतून गरम हवा खोलींत सांडत नाहीं. पंख्याचें यंत्र मात्र उष्णता सोसणारें हवें.

परंतु रोपांस घातलेल्या पाण्याचा फार मोठा भाग पानांवाटे वाफ होऊन खोलींत येतो, आणि झांकणांतील वारा त्या वाफेस स्पर्शहि करीत नाहीं. तिच्यासाठीं दुसरा, लहान पंखा हवाच. नाहीं तर थंड खोलींतहि बुरशी धरते.

पुण्यास वैशाखांत दुपारीं बाहेरचीच हवा ३८–४० अंशांची असते. तिच्याहून थंड खोली कोणत्याहि पंख्यास करितां येणार नाहीं. तेव्हां दिवे सायंकाळीं ७ ते सकाळीं ७ लावावे व दिवसा रोपांस अंधार द्यावा. ठरविलेली वेळ मात्र मोडूं नये. फुलांच्या पुष्कळ जातींस अंधाराची लांबी कळते.

पंखा थांबतांच दिवा विझेल असा खटका अवश्य बसवावा. सोडियमचा दिवा विझला कीं निवेपर्यंत कांहीं मिनिटें पुन्हां पेटत नाहीं. तेवढ्यांत नळाच्या तोंडची जाळी झाडून घ्यावी.