पाला चोळा, मग खा

(हेमलकसा येथे साक्षरता वर्गाच्या मंडळींपुढे केलेले भाषण)



भावांनो, बहिणींनो, आज आम्ही तुमच्याशी पाल्याविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, पाल्याविषयी आम्हाला काय सांगता? आम्ही तर रानातच वाढलो. खरे आहे. पण एक गोष्ट आम्ही इथेच शिकलो. ती आज सगळ्यांना सांगायची आहे.

एका हिवाळ्यात आम्ही भाजीपाल्याची माहिती द्यायला एका गावी गेलो होतो. मुळ्याचा कोवळा पाला तोडला, चिरला आणि तसाच ताटात वाढला. पोरांनी तोंडात घातला आणि थुंकून टाकला. त्यांचा काय दोष? मुळ्याच्या पानाला बारीक लव असते. पान खरखरीत लागते, घशाला टोचते.

तिथे एक म्हातारी आजी बसली होती. ती काही बोलली नाही. तिने ताट ओढले, पाल्यावर चिमूटभर मीठ घातले आणि दोन्ही हातांनी पाला चोळू लागली. बघता बघता मोठा ढीग मूठभर झाला. मग तोच पाला पोरांनी मिटक्या मारत खाल्ला. आम्ही शिकवायला गेलो होतो, शिकून आलो!

आपल्याकडे या पदार्थाला घोळाणा म्हणतात. कोणी घोळणा म्हणतात. मेथीचा करतात, मुळ्याच्या पाल्याचा करतात, कांद्याच्या पातीचाही करतात. परदेशात केल नावाची एक पालेभाजी आहे. ती कोबीच्याच कुळातली, पण गड्डा धरत नाही. पान मोठे आणि चिवट. तिकडची माणसेही ते पान मीठ लावून चोळतात आणि कच्चे खातात. कोबी, मुळा, मोहरी आणि केल ही सगळी एकाच घराण्यातली भावंडे. म्हणून युक्तीही एकच.

मिठाने पाला मऊ का होतो? पान म्हणजे पाण्याने भरलेल्या बारीक बारीक खोल्या. खोल्या भरलेल्या असतात तोवर पान ताठ असते. मीठ ते पाणी बाहेर ओढते. हाताने चोळले की खोल्यांच्या भिंती मोडतात. पान ढिले पडते. चूल नाही, सरपण नाही, नुसते मीठ आणि हात!

आज मीठ दुकानात सहज मिळते. पण पूर्वी तसे नव्हते. मूठभर मिठासाठी व्यापाऱ्याला मोलाची चारोळी मोजून द्यावी लागे, असे इथली म्हातारी माणसे सांगतात. बाबा आमटे यांनी १९७३ साली इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. त्या काळच्या या गोष्टी. म्हणून मिठाची किंमत या भागाला कोणी शिकवायला नको.

आता विचाराल, शिजवून खातोच की, मग कच्चा काहून खायचा? ऐका. पाल्यात 'क' जीवनसत्त्व असते. ते आचेने बरेचसे नाहीसे होते. भाजी उकळून पाणी फेकले, तर उरलेलेही त्या पाण्याबरोबर जाते. आपल्या अंगात रक्त तयार व्हायला लोह लागते. ते पाल्यात, डाळीत असते, पण अंगी लवकर लागत नाही. सोबत 'क' जीवनसत्त्व असले तर जास्त अंगी लागते. म्हणून पाल्यावर लिंबू पिळायचे. आणि जेवणाबरोबर चहा घ्यायचा नाही. चहा लोहाला अडवतो.

आपल्या घरात बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते. भांड्याला जे उरेल ते तिच्या वाट्याला येते. मग तिचे रक्त कमी होते. डोळ्यांपुढे अंधारी येते, पाण्याची घागर उचलताना दम लागतो. पोटुशी बाई असेल तर आई आणि बाळ दोघांनाही धोका. म्हणून सांगतो, घोळाणा केला की पहिली वाटी घरच्या बाईसाठी काढून ठेवा.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. पाला म्हणजे औषध नव्हे. आपल्या भागात सिकलसेल हा आजार आहे. तो रक्तातूनच, आईबापांकडून येतो. पाला खाऊन तो बरा होत नाही. फार थकवा असेल तर दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्या. गोळ्या दिल्या तर पुऱ्या घ्या. पाला गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नाही.

आता कृती सांगतो.

पहिली गोष्ट, पाला कोवळा घ्या. फुलावर आलेली मेथी किंवा जुना मुळा कच्चा खाण्याच्या कामाचा नाही. तो शिजवा. हरभऱ्याचे शेंडे खुडले तर चांगलेच. शेंडा खुडला की झाडाला फांद्या फुटतात. त्याच्या पानावर आंब असते, म्हणून तो पाला आंबट लागतो. मात्र ज्या शेतात कीटकनाशकाचा फवारा मारला आहे, तिथला पाला कच्चा खाऊ नका.

दुसरी गोष्ट, धुणे. इथे कुचराई नको. पाल्याला माती असते, मातीत जंतांची अंडी असतात. आधी साबणाने हात धुवा. मग पाला तीन पाण्यांत धुवा. शेवटचे पाणी उकळून थंड केलेले असावे. नदीत नुसता बुचकळून काढलेला पाला स्वच्छ होत नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला गढूळ पूर येतो, हे तुम्ही पाहता. त्या दिवसांत पाला कच्चा खाऊच नये, शिजवून खावा. घोळाणा हिवाळ्याचा.

तिसरी गोष्ट, जाड देठ काढा. ते वरणात टाका. पाने एकावर एक ठेवून विळीवर बारीक चिरा.

चौथी गोष्ट, चोळणे. चार मुठी पाल्याला एक चिमूट मीठ पुरे. दोन-तीन मिनिटे चोळा. पाल्याचा रंग गडद होतो, ढीग निम्मा होतो. मग झाकून थोडा वेळ ठेवा. सुटलेले पाणी फेकू नका. कस त्यातच असतो. पाला फार कडू असेल तर थोडा पिळा आणि ते पाणी वरणात घाला. रक्तदाब असलेल्यांनी मीठ घालू नये. नुसते तेल आणि लिंबू लावून चोळावे. थोडा जास्त वेळ लागतो इतकेच.

पाचवी गोष्ट, वर बारीक कांदा, सांभार, भाजलेल्या शेंगदाण्यांचा किंवा जवसाचा कूट आणि चमचाभर तेल. पाल्यातले 'अ' जीवनसत्त्व डोळ्यांना चांगले. ते तेलाबरोबरच अंगी लागते. लिंबू पिळा आणि लगेच खा. सकाळचा घोळाणा रात्री खाऊ नका.

शेवटी एक इशारा. चोळला म्हणजे कोणताही पाला कच्चा चालतो असे समजू नका. अळूचे कच्चे पान घशाला खाजवते. वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, यांत विषारी अंश असतो. ते चांगले उकळायचे आणि पाणी फेकायचे. तरोटा शिजवूनच खायचा. आणि ओळख नसलेल्या रानपाल्याला हातच लावू नका. रानाची माहिती असलेल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ती माहिती आता तुम्हाला लिहिता येते. तर लिहून ठेवा! कोणता पाला कच्चा, कोणता शिजवून, कोणता मुळीच नाही. वहीचे एक पान त्यासाठी ठेवा. म्हातारी माणसे गेली तरी ते पान घरात राहील.

मंडळी, घरामागे सांडपाण्याच्या वाटेला पपई, केळी लावा. मेथी-मुळ्याचा वाफा मात्र सांडपाण्यावर करू नका, स्वच्छ पाण्यावर करा. पाच-सहा हात जागा पुरे. आज घरी जा, वाफा आखा. पाला उगवला की आजीची युक्ती करून पाहा.

रामराम!