डिप्रेशन कुणाचं?

२२ जुलै २०२१ला तळीयेत दरड कोसळून ८०हून अधिक माणसं गेली. त्यानंतर महाड-पोलादपूरच्या बैठकांत बायका सहज म्हणू लागल्या, 'मला डिप्रेशन आहे.' मीही म्हणाले, डॉक्टरांकडे न जाताच. थकले म्हटलं तर भाकऱ्या थापणं चुकत नाही, आजारी म्हटलं तर एखाद दिवस चुकतं!

वर्षानुवर्षं गोळ्या घेणारी एकजण चिडली. "तुम्ही हा शब्द मिरवता. माझ्या नवऱ्यानं तोच घटस्फोटाच्या अर्जात घातलाय." २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार निदान झालं एवढ्यावरून कुणी वेडी ठरत नाही; ते कोर्टानंच ठरवायचं. तिथंच तिच्या खेपा चालल्यात. खरंच शंका असेल तिनं १४४१६वर फोन करावा. मी मात्र आता 'थकले' एवढंच म्हणते. भाकऱ्या अजून चुकलेल्या नाहीत.