फिशटँकसाठी कॅनिस्टर फिल्टर घेताना

फिशटँकखालच्या कपाटात बसणारा बंद डबा, म्हणजे कॅनिस्टर फिल्टर. टाकीतलं पाणी पाइपने खाली येतं, स्पंज आणि सिरॅमिकच्या नळकांड्यांतून गाळून पंप ते वर पाठवतो. पण गाळणं हे दुय्यम काम. त्या नळकांड्यांवर वाढणारे जिवाणू माशांच्या विष्ठेतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. म्हणून स्पंज-नळकांड्यांचं हे गाळण-माध्यम नळाच्या क्लोरिनच्या पाण्यात धुऊ नका, टाकीतल्याच पाण्यात खळबळून घ्या.

तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत साधारण 127 लिटर पाणी मावतं. ताशी त्याच्या चार-पाच पट पाणी फिरावं. खोक्यावरचा आकडा मात्र रिकाम्या डब्याचा असतो, माध्यम भरलं की तो बराच घटतो. तेव्हा थोडा मोठाच घ्या.

दुकानात झाकण उघडायला लावा. रबरी रिंग हाताने चाचपा: मऊ हवी, खाचेत नीट बसायला हवी. गळती बहुधा तिथूनच होते. क्लिपा लेच्यापेच्या वाटल्या तर सरळ दुसरा डबा मागा. आणि रिंग, इंपेलर (पंपातलं फिरतं पातं) सुटे मिळतात का, हे वॉरंटीच्या आधी विचारा. सुटे भाग नसतील तर स्वस्त फिल्टरसुद्धा महागच.

लोडशेडिंगच्या गावात आणखी एक खबरदारी. वीज गेली की बंद डब्यातला प्राणवायू संपतो, जिवाणू मरू लागतात. वीज बरेच तास गेली असेल, तर डबा उघडून आतलं कुजकं पाणी ओतून द्या, मगच पंप सुरू करा.