ब्राह्मीची बाटली आणि चंचल मूल



गिरगावातील चाळ असो वा लालबागमधील नवी इमारत, परीक्षा जवळ आली की ब्राह्मी-शंखपुष्पीची बाटली घरात येतेच. वर्गात स्थिर न बसणाऱ्या मुलाला तर ती अधिकच श्रद्धेने दिली जाते. ही श्रद्धा निराधार नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात चार मेध्य रसायने सांगितली आहेत : मंडूकपर्णीचा स्वरस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. गंमत अशी की, या चौघांत ब्राह्मीचे नावच नाही! बाजारात ब्राह्मी म्हणून मिळणारी गोल पानांची जुडी पुष्कळदा मंडूकपर्णीची असते. नीरब्राह्मी ही लहान, जाडसर पानांची निराळीच वनस्पती. जिथे वनस्पतीचीच ओळख पक्की नाही, तिथे मात्रेची खात्री कोण देणार?

परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. शारदिनी डहाणूकर यांनी गुळवेलीला आधुनिक औषधशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहिले. आयुर्वेदाचा खरा अभिमान तो हाच. पण ते रुग्ण काविळीचे होते. एका व्याधीतील यश अवधानदोषाच्या खाती जमा करता येत नाही. नीरब्राह्मीच्या अर्काची ऑस्ट्रेलियात ६ ते १४ वर्षांच्या चंचल मुलग्यांवर १४ आठवडे चाचणी झाली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्यांच्या वर्तनावर नकली औषधाहून सरस परिणाम आढळला नाही. काही बौद्धिक चाचण्यांत मात्र थोडा लाभ दिसला.

वनस्पतीचे म्हणून निर्धोक, असेही नव्हे. बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. शिसे तर वाढत्या मेंदूचे आणि अवधानाचेच शत्रू! सुट्या, नावपत्ता नसलेल्या पुड्या मुलांना देऊच नयेत.

सर्वांत मोठी हानी होते ती काळाची. तिसरीतल्या मुलाला दोन वर्षे नुसती बाटली पाजली, तर पाचवीत त्याचे वाचन मागे पडलेले असते आणि ‘द्वाड’ हा शिक्का घट्ट बसलेला असतो. बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली लक्षणे किमान सहा महिने, घरी आणि शाळेतही दिसत असतील, तर तज्ज्ञांना दाखवावे. श्रवण, दृष्टी, झोप तपासून घ्यावी. पालक-प्रशिक्षण, शिक्षकांचे सहकार्य आणि सहा वर्षांवरील मुलांना गरजेनुसार मिथाइलफेनिडेट यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे. परळलाच वाडिया बालरुग्णालय आहे. वैद्यांकडेही जरूर जावे, वरळीचे पोदार रुग्णालय दूर नाही; मात्र दोन्हीकडची औषधांची चिठ्ठी दोघांनाही दाखवावी.